अवतरणांचा संक्षेप आणि अर्थनिष्ठा : एक चिकित्सा

शालेय प्रकल्पापासून पदव्युत्तर प्रबंधिकेपर्यंत अवतरण हा अभ्यासपूर्ण लेखनाचा आवश्यक घटक मानला जातो. मूळ उतारा दीर्घ असल्यास विषयाशी संबंधित तेवढाच भाग घेणे रास्तच आहे. मात्र याबाबत विद्यार्थ्यांना सहसा एकच नियम सांगितला जातो : गाळलेल्या जागी तीन टिंबे द्यावीत. हा नियम आवश्यक असला तरी पुरेसा नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लोपचिन्ह काहीतरी गाळले आहे एवढेच सांगते. काय गाळले ते सांगत नाही. मूळ ग्रंथ हाताशी नसलेला वाचक त्या तीन टिंबांपाशी लेखकावर विश्वास ठेवतो. मराठीत हा विश्वास अधिक नाजूक ठरतो, कारण आपल्या वाक्यात क्रियापद आणि नकार बहुधा शेवटी येतात. उदाहरणादाखल रचलेले पुढील वाक्य पाहावे : ‘भाषांतर हे दुय्यम दर्जाचे काम आहे असे मानणे योग्य नव्हे.’ यातील पहिले सहा शब्द घेऊन पुढे टिंबे दिली, तर चिन्हाचा नियम पाळला जातो. परंतु लेखक ज्या मताचे खंडन करतो तेच मत त्याच्या नावावर जमा होते. पूर्वपक्ष मांडून मग त्याचा परिहार करण्याची आपल्याकडील वादपद्धती लक्षात घेता, असा प्रमाद परिच्छेदाच्या पातळीवरही सहज घडू शकतो.

महात्मा जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथाच्या आरंभीच्या सुप्रसिद्ध ओळी या दृष्टीने विचारात घ्याव्यात. तेथे विद्येच्या अभावापासून निघालेली कारणपरंपरा बुद्धी, नीती, प्रगती व संपत्ती यांच्या नाशातून शूद्रांच्या अवनतीपर्यंत पोहोचते आणि या साऱ्या अनर्थांचे मूळ अविद्येत असल्याचा निष्कर्ष काढला जातो. आरंभ व शेवट ठेवून मधला भाग गाळल्यास शिक्षणाची महती सांगणारे एक सर्वमान्य सुभाषित तेवढे उरते. अनर्थ कोणाचा झाला, हा ग्रंथाचा गाभ्याचा प्रश्न मात्र त्या टिंबांत लुप्त होतो. येथे एकही शब्द बदललेला नसतो, तरीही सामाजिक विश्लेषणाचे रूपांतर नीतिवचनात झालेले असते.

म्हणून संक्षेप करताना काही पथ्ये पाळणे इष्ट ठरते. विशेषणे, पुनरुक्ती वा प्रासंगिक तपशील गाळता येतील. नकार, अट, अपवाद आणि कर्ता गाळू नयेत. उरलेले वाक्य व्याकरणदृष्ट्या अन्वित असावे. सर्वनामाचा संदर्भ तुटत असेल, तर आपला शब्द चौकटी कंसात द्यावा. मूळ मजकुरातच टिंबे असल्यास आपली टिंबे तशाच कंसात घालून वेगळी दाखवावीत. कवितेची अख्खी ओळ गाळल्यास टिंबांची स्वतंत्र ओळ द्यावी. संक्षेपाने अर्थ ढळत असेल, तर अवतरणचिन्हे सोडून आशय स्वतःच्या शब्दांत सांगावा आणि पृष्ठक्रमांक नोंदवावा.

सारांश, संक्षिप्त अवतरण मूळ लेखकाच्या हाती दिले असता त्याने ते आपले म्हणून स्वीकारले असते काय, हा प्रश्न चिन्हांच्या नियमाआधी विचारला पाहिजे. गुणदान करताना शिक्षकांनीही टिंबांची संख्या तपासण्याऐवजी मूळ पान उघडून पाहिले, तर विद्यार्थ्यांना या प्रश्नाचे महत्त्व उमगेल.