कोड चालला, पण जून कुठे गेला?

गाइडकडून मॅटलॅबमधली जुनी स्क्रिप्ट मिळते, लायसन्स संपलेलं असतं आणि 'पायथनमध्ये करून टाक' असा निरोप येतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची सुरुवात अशीच होईल. मग तुम्ही न्यूम्पायच्या माहितीतलं 'मॅटलॅब वापरणाऱ्यांसाठी न्यूम्पाय' हे पान उघडाल. पान चांगलं आहे. अनुक्रमांक 1 ऐवजी 0 पासून, ॲरेचा तुकडा घेतला की वेगळी प्रत मिळत नाही, हे त्यात सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलंय. माझी तक्रार त्यातल्या कोष्टकाबद्दल आहे. एकीकडे मॅटलॅब, शेजारी न्यूम्पाय. बघून वाटतं, शब्दाला शब्द ठेवला की झालं काम.

मी तसंच केलं. सुट्टीत उमरीला घरी बसून पावसाच्या आकड्यांची स्क्रिप्ट उतरवत होतो. 10 ओळी म्हणजे 10 वर्षं, 4 रकाने म्हणजे जून ते सप्टेंबर. मॅटलॅबमध्ये कंसात कोलन देऊन तक्त्याची एक रांग केली की आधी सगळे जून येतात, मग सगळे जुलै. न्यूम्पायचं 'फ्लॅटन' मात्र ओळीमागून ओळ घेतं. पुढचा कोड पहिले 10 आकडे जूनचे धरत होता. म्हणजे माझ्या 'जून'मध्ये अडीच वर्षांचा पावसाळा येऊन बसला! एरर नाही. 40 आकड्यांची बेरीज तीच, सरासरी तीच, आणि मी तेवढंच तपासलं होतं. आलेख तर इतका देखणा की गाइडना दाखवूनही आलो.

कोष्टकात इशारा आहे, पण कडेच्या टिपांच्या रकान्यात: मॅटलॅबचा क्रम हवा असेल तर 'एफ' द्या. (एफ म्हणजे फोरट्रान. पहिलं मॅटलॅब त्यातच लिहिलेलं होतं.) ज्याने उत्तर बदलतं ते टिपेत कशाला?

प्रमाण विचलनाचंही तसंच. 2, 4, 6 या आकड्यांचं मॅटलॅब 2 देतं, न्यूम्पाय 1.63. एक 'एन वजा 1' ने भागतं, दुसरं 'एन' ने. आणि पायथनमधलंच पांडाज पुन्हा 2 देतं! 2.5 चं राउंड केलं तर मॅटलॅबमध्ये 3, पायथनमध्ये 2.

आता मी आधी जुनी स्क्रिप्ट ऑक्टेव्हमध्ये चालवून बघतो. ते फुकट आहे आणि साध्या स्क्रिप्ट बहुतेकदा तशाच चालतात. मग 3 ओळी, 2 रकाने, सगळे आकडे वेगळे, असा छोटा तक्ता दोन्हीकडे देतो आणि प्रत्येक टप्प्याचं उत्तर वहीत शेजारी-शेजारी लिहितो. त्या दिवशी हे केलं असतं तर चूक दुसऱ्याच ओळीत दिसली असती.