वक्त्याची तयारी

वक्तृत्वावर आपल्याकडे थोडे लिहिले गेले आहे असे नाही. पण त्यातले बहुतेक लेखन वक्ता सभेपुढे उभा राहिल्यानंतरचे आहे. आवाज कसा लावावा, हात कोठे ठेवावेत, आरंभी कोणते सुभाषित योजावे, टाळी कोठे घ्यावी, याची चर्चा भरपूर झाली. तो उभा राहण्यापूर्वी त्याने काय केले, याची चिकित्सा मात्र क्वचितच होते. ती येथे थोडीशी करण्याचा माझा विचार आहे. त्यात अधिकाराचा भाग थोडा आणि कबुलीजबाबाचा अधिक, हे आधीच सांगून टाकतो.

आंजर्ल्याच्या परिसरातील एका शाळेत मी कित्येक वर्षे मराठी शिकवले. स्पर्धांसाठी मुले तयार करण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. भाषण मी लिहावे, मुलांनी ते पाठ करावे, आणि तालुक्याहून ढाल घेऊन यावे, असा आमचा क्रम असे. त्या काळात मासेमारीच्या घरातला एक मुलगा माझ्या वर्गात होता. बोलता बोलता तो मध्येच थांबे, समोरच्याकडे पाही, आणि मग पुढचे वाक्य बोले. मी त्याला दोनदा संघातून वगळले. 'पाठांतर कच्चे' असा शेराही मारला. तो शेरा चुकीचा होता हे मला फार उशिरा कळले. कसे कळले ते पुढे सांगतो.

आधी दोन थोर उदाहरणे घेऊ. दोघेही याच कोकणपट्टीतले. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ साली गुहागरजवळच्या कोतळूकचा, आणि टिळकांचा १८५६ साली रत्नागिरीचा. त्यांच्या राजकारणाची तुलना इतकी झाली आहे की त्यांच्या भाषणांची तुलना करायची राहूनच गेली.

२६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले. ते इंग्रजीत होते. पण त्याची बांधणी कोणत्याही भाषेतल्या वक्त्याने अभ्यासावी अशी आहे. सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडली होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण मानली जात होती. गोखल्यांनी ती शिल्लक नाकारली नाही. सरकारचेच आकडे हाती घेऊन त्यांनी दाखवले की रुपयाचा भाव घसरला असताना बसवलेले कर भाव सावरल्यावरही तसेच चालू आहेत, आणि ही शिल्लक त्यांतून साठली आहे. रयतेच्या सुबत्तेतून नव्हे. मग त्यांनी मिठावरील कराची गोष्ट काढली. तो कर तेव्हा मणामागे अडीच रुपये होता. १९०३ साली तो दोन रुपये झाला, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक. हे एका भाषणाचे फळ, असे मी म्हणणार नाही. परंतु समोरच्या माणसाला जे मान्य आहे तेथूनच बोलण्यास आरंभ करायचा, ही गोखल्यांची तयारी होती. पाठांतर त्यांचेही जबरदस्त होते. पण त्यांनी ते विषयाच्या सेवेला लावले.

टिळकांचे उदाहरण याहून अवघड. जुलै १९०८ मध्ये मुंबईच्या न्यायालयात त्यांनी स्वतःच आपला बचाव केला. ते भाषण एकवीस तास दहा मिनिटे चालले. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन हिंदी गृहस्थ होते. खटला मात्र 'केसरी'तल्या मराठी लेखांवर. भाषांतरात कोणत्या शब्दाचा अर्थ कसा बदलला, हे मराठी न जाणणाऱ्यांना समजावून देण्याचे काम टिळकांपुढे होते. त्यांनी ते केले. तरी सात विरुद्ध दोन असा निर्णय झाला आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मग हे भाषण फसले म्हणावे काय?

निर्णयानंतर टिळक मोजकी दोन-चार वाक्ये बोलले. ती आज मुंबई उच्च न्यायालयात संगमरवरावर कोरलेली आहेत. आपण त्या वाक्यांचे कौतुक करतो आणि आधीचे एकवीस तास विसरतो. माझ्या मते समीक्षकाची खरी चूक येथे होते. ती वाक्ये ऐनवेळी सुचलेली चमक नव्हे. एकवीस तास मुद्दा न सोडता जो बोलला, त्यालाच शेवटी इतके थोडे बोलण्याचा अधिकार होता. थोडे बोलण्याच्या मागे पुष्कळ तयारी उभी असते. माझे विद्यार्थी मात्र मागे काहीच नसताना पुष्कळ बोलत.

आता पुन्हा आंजर्ल्याला येतो. येथल्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. गावकरी ती जपून कुंपणाआड ठेवतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडली की ती समुद्राकडे सोडतात. ते पाहायला मुंबई-पुण्याकडची माणसे येतात. यंदाच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मीही गेलो. गर्दी दोरीवर रेटत होती. तेवढ्यात एक मनुष्य पुढे झाला. तो माझा तो विद्यार्थी होता.

तो दोन मिनिटे बोलला असेल. "तुम्ही लांबून आलात, फोटो तर हवाच," असा त्याचा आरंभ. पिल्लू उजेडाच्या दिशेने चालते. तुमचा दिवा लागला तर ते समुद्र सोडून तुमच्याकडे येईल, म्हणून दिवा नको. हातात घेऊ नका. वाळूवरून ते स्वतः चालत जाऊ दे. मग तो पूर्वीसारखाच थांबला आणि लोकांकडे पाहू लागला. एका लहान मुलीने विचारले, "ते एकटंच जाणार?" तो म्हणाला, "हो, आई परत येत नाही. म्हणून आपण इथे उभे." एकेक करून दिवे विझले. कोणी टाळी वाजवली नाही.

त्याचा तो विराम मी ज्याला विस्मरण समजलो होतो, ते ऐकणे होते. समोरच्यांच्या मनात कोणती इच्छा आणि कोणती शंका आहे, हे तो आधी ओळखून आला होता, आणि बोलतानाही तपासून पाहत होता. गोखल्यांच्या सभागृहाशी त्या पुळणीची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. रीत मात्र एकच आहे.

म्हणून एक सूचना करतो. स्पर्धांच्या गुणपत्रिकेत उच्चार, हावभाव, पाठांतर यांना रकाने असतात. त्यांतला पाठांतराचा रकाना काढावा, आणि भाषण संपल्यावर श्रोत्यांपैकी कोणीही एक प्रश्न विचारावा. त्या एका उत्तराला अर्धे गुण असावेत. या रीतीने माझ्या कित्येक ढाली परत द्याव्या लागतील, हे मला ठाऊक आहे. तरीही ही सूचना मी पुरत्या गांभीर्याने करीत आहे.