लघुनिबंधकाराचा विषयशोध

नव्याने लघुनिबंध लिहू पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो विषयाचा. रोज लिहावे असे वाटते, परंतु लिहावयाचे कशावर? या प्रश्नाचे एक प्रसिद्ध उत्तर मराठीत फार पूर्वीच दिले गेले. विषय कोणताही चालतो. तो जितका क्षुल्लक तितका बरा. महत्त्व विषयाला नसून त्याभोवती रमणाऱ्या व्यक्तित्वाला आहे, असे ते उत्तर होय. ना. सी. फडके यांच्या ‘गुजगोष्टी’ (1933) पासून ते इतके रूढ झाले की पुढे कोणी त्याची तपासणी केली नाही. वस्तुतः मराठी लघुनिबंधाची भरभराट आणि त्याची पडझड या दोन्ही गोष्टी याच उत्तरातून निघाल्या आहेत.

या उत्तराचे ऐतिहासिक कार्य आधी मान्य केले पाहिजे. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी 1874 साली ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हापासून मराठी निबंध म्हणजे प्रतिपादन, खंडन आणि लोकशिक्षण असे समीकरण बसले होते. ज्याला काही सिद्ध करावयाचे आहे त्यानेच निबंध लिहावा, असा तो दंडक होता. ‘रत्नाकर’ मासिकातून फडके यांनी हा दंडक मोडला. वाचकाशी बरोबरीच्या नात्याने, हलक्या आवाजात बोलता येते आणि तेही वाङ्मय होते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या गद्याची स्वच्छता आजही अभ्यासण्याजोगी आहे; ती सोपी वाटते म्हणूनच तिचे अनुकरण अवघड ठरले. अनंत काणेकर यांच्या ‘पिकली पाने’ (1934) या संग्रहात हीच मोकळीक अधिक मिस्कील झाली, तर वि. स. खांडेकर यांच्या ‘वायुलहरी’ मध्ये तिला चिंतनाची आणि थोड्या उपदेशाचीही जोड मिळाली.

परंतु विषय क्षुल्लक चालतो या विधानाचा अर्थ पुढच्या लेखकांनी विषयाकडे लक्ष देण्याचे कारण नाही असा घेतला. छत्री, चष्मा, हरवलेली किल्ली, चुकलेली गाडी अशा वस्तूंची आणि प्रसंगांची वर्णी लागू लागली. आरंभी एक लहानसा प्रसंग, मध्ये त्यावरून सुचलेल्या दोनचार आठवणी, शेवटी एक अनपेक्षित कलाटणी, अशी चौकट ठरून गेली. मासिकांची आणि साप्ताहिकांची ठराविक पाने भरावयाची असल्यामुळे ही चौकट सोयीचीही झाली. छत्रीवरचा निबंध आणि किल्लीवरचा निबंध यांत वस्तू बदलली, पण पाहणारी दृष्टी बदलली नाही. या प्रकाराला ओहोटी लागली ती विषय संपल्यामुळे, असे सांगितले जाते. ते खरे मानता येत नाही. विषय भरपूर होते. त्यांतील एकाही विषयाचे लेखकावर ऋण नव्हते.

येथे या वाङ्मयप्रकाराच्या मूळ पुरुषाकडे वळणे उपयुक्त ठरेल. 1571 साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, मिशेल द माँतेन्य याने न्यायखात्यातील आपल्या पदावरून निवृत्त होऊन घराच्या बुरुजात ग्रंथालय थाटले. त्याच्या आरंभीच्या निबंधांत व्यक्तित्व फारसे नाही, हे त्याचे भक्त सहसा सांगत नाहीत. वाचलेल्या लॅटिन ग्रंथांतील उतारे, ऐतिहासिक दाखले आणि त्यांवर एखाददुसरे भाष्य, असे ते लहान लहान लेख आहेत. नवशिक्याची वही असते तशीच ती वही होती. पहिले दोन भाग 1580 मध्ये प्रसिद्ध झाले. 1588 च्या आवृत्तीत तिसरा भाग आला आणि जुन्या निबंधांत शेकडो भर पडल्या. त्यानंतरही त्या छापील प्रतीच्या समासांत तो 1592 मध्ये मरेपर्यंत लिहीतच राहिला. ती प्रत बोर्दो येथे जपलेली आहे. जुना मजकूर त्याने क्वचितच पुसला. बहुधा तो त्याला वाढवीत गेला. मृत्यूसंबंधी आरंभी तो पुस्तकांच्या आधाराने बोलतो. मुतखड्याचा विकार भोगल्यावर त्याच विषयावर निराळ्या स्वरात बोलतो. अर्थात त्याची वाढ नवे विषय सापडल्याने जितकी झाली, त्याहून अधिक जुन्या विषयांकडे पुन्हा परतल्याने झाली.

मराठीत ही परतण्याची वृत्ती ज्यांच्या ठिकाणी प्रकर्षाने दिसते त्या दोघीही व्यवसायाने ललित लेखिका नव्हत्या, ही गोष्ट लक्षणीय आहे. इरावती कर्वे मानववंशशास्त्राच्या आणि दुर्गा भागवत लोकसाहित्याच्या अभ्यासक. इरावतीबाईंच्या ‘परिपूर्ती’ (1949) मधील शीर्षकलेखाचा विषय चौकटीतल्या लघुनिबंधासारखाच लहान आहे. सभेत कोणाची सून, कोणाची पत्नी अशी ओळख करून दिली जाते, आणि त्यात काहीतरी उणे राहिल्यासारखे वाटते. मग रस्त्यात एक मुलगा आपल्या सोबत्यांना, ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, असे सांगतो आणि ओळख पुरी होते. कलाटणी आहे, विनोदही आहे. तरी हा लेख छत्रीवरच्या निबंधाच्या पंक्तीला बसत नाही. स्त्रीची ओळख नात्यांनी ठरते, हा या लेखिकेच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय होता. भारतातील आप्तसंबंधांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1953 साली आला. जे ग्रंथात तक्त्यांनी मांडावयाचे तेच रस्त्यात आपल्याविषयी ऐकू आले, तेव्हा अभ्यासिका सुखावली की खट्टू झाली, हे लेख पुरतेपणी सांगत नाही. ही संदिग्धता मुद्दाम आणलेली नसून प्रश्नातच आहे. पंढरीच्या वारीवरील त्यांच्या ‘वाटचाल’ या लेखातही दिंडीत जातवार वेगळ्या बसणाऱ्या पंक्ती त्यांच्या डोळ्यांना खुपतात आणि भक्तीचा आनंदही खोटा ठरत नाही.

दुर्गाबाईंचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. ‘ऋतुचक्र’ (1956) मध्ये विषयशोध असा नाहीच. पंचांगाने बारा विषय आधीच नेमून दिले आहेत. महिना हा ललित लेखनाचा सर्वांत झिजलेला विषय. तरीही पुस्तक ताजे राहिले, कारण एकेका झाडाचा मोहर, पानगळ, रंग यांकडे अनेक वर्षे पाहिलेले त्यात उतरले आहे, आणि त्या पाहण्यात संस्कृत काव्याइतकाच लोकगीतांचा व्यासंग मिसळलेला आहे. पुढे ‘व्यासपर्व’ (1962) मध्ये ही दृष्टी महाभारतातील व्यक्तींकडे वळते, तर ‘पैस’ (1970) मध्ये नेवाशाच्या त्या खांबापाशी येऊन ठेपते. विषय बदलले, परंतु सृष्टी, परंपरा आणि आपण यांचे नाते काय, हा एकच प्रश्न विस्तारत गेला.

यावर असा आक्षेप येऊ शकेल की लघुनिबंध हा मग विद्वानांचाच प्रांत ठरतो, आणि फडके यांनी मिळवून दिलेली मोकळीक आपण परत करतो. आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. व्यासंगाचे ओझे वाहणारे कितीतरी ललित लेख नीरस झाले आहेत. परंतु विंदा करंदीकर यांच्या ‘स्पर्शाची पालवी’ (1958) कडे पाहावे. तेथे विद्वत्तेचे प्रदर्शन नाही. विषय आहे तो प्रत्येकाजवळ असलेल्या इंद्रियसंवेदनेचा. फरक इतकाच की संवेदना हे निमित्त म्हणून वापरून टाकून दिलेली नाही, तिचा तळ गाठेपर्यंत कवी तिच्यापाशी थांबला आहे. खांडेकर तर शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते, आणि जेथे त्यांचा उपदेश मागे राहून कोकणातील दारिद्र्याचे रोजचे दर्शन पुढे येते, तेथे त्यांचे गद्य अधिक टिकाऊ ठरते. पाठ पुरविणारा एखादा प्रश्न लेखकाजवळ असणे अवश्य आहे. तो ग्रंथालयातून आला की शाळेच्या पडवीतून, याला महत्त्व नाही.

पदव्युत्तर वर्गांत ‘व्यक्तित्वाचा आविष्कार’ ही लघुनिबंधाची व्याख्या उत्तरपत्रिकांतून नित्य आढळते. ती व्याख्या फडके यांच्या कालखंडाला लागू पडते. ‘ऋतुचक्र’ला लावू गेल्यास ती तोकडी पडते, कारण तेथे लेखिका स्वतःविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही आणि तरी तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाला ते पुस्तक लिहिता आले नसते. व्यक्तित्व हे लघुनिबंधाचे भांडवल मानले तर ते पहिल्या दहापाच लेखांत खर्ची पडते. माँतेन्यच्या समासांतील भर पाहता मात्र ते लेखनापूर्वी तयार नव्हते, लिहिता लिहिता घडत गेले, असेच म्हणावे लागते.