शिवेवर संपणारा इतिहास

आमच्या तापीकाठी गावाचा इतिहास लिहिणाऱ्यांची वाण नाही. यात्रा आली की स्मरणिका निघते, शाळेला पन्नास वर्षं झाली की निघते, देवळाचा जीर्णोद्धार झाला की पुस्तिका निघते. सोयऱ्यांकडे गेलो की मी असली पुस्तकं मागून घेतो. शहादा, तळोदा, नंदुरबार या पट्ट्यातली बरीच वाचून झाली. त्यांच्याविषयी प्रेम आहे म्हणूनच चार शब्द कडक बोलतो.

आधी त्यांचं देणं. खळवाडीची जागा कोणी दिली, पहिली शाळा कोणाच्या ओसरीवर भरली, पुराचं पाणी कोणत्या पायरीला लागलं होतं, हे सरकारी कागदात सापडत नाही. ते एखाद्या निवृत्त गुरुजींनी पदरचे पैसे घालून छापलेल्या चोपड्यात सापडतं. ‘आमना गाव भलता जुना शे भाऊ’ असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्याचा अभिमानही खोटा नसतो.

पण या पुस्तकांचा साचा एकच. गावाच्या नावाची व्युत्पत्ती, देवाचं माहात्म्य, पाटील घराण्याची वंशावळ, सरपंचांची यादी आणि शेवटी देणगीदारांचे फोटो. शीव आली की इतिहास संपला. प्रकाशा आणि सारंगखेडा दोन्ही तापीकाठची, दोन्ही शहादा तालुक्यातली. एकाच नदीचं पाणी, एकच काळी जमीन, लेकीबाळी इकडून तिकडे दिलेल्या. प्रकाशाचं पुस्तक प्रतिकाशीवर थांबतं, सारंगखेड्याचं एकमुखी दत्त आणि घोडेबाजारावर. शेजारच्या गावाचं नावही येत नाही. आता बाजाराचंच बघा. घोडे आणि गिऱ्हाईक गावाबाहेरून आले नाहीत तर दत्तजयंतीला बाजार भरेल कसा?

गंमत म्हणजे प्रकाशाची मातीच या साच्याला खोटं पाडते. तापी-गोमाईच्या संगमाजवळचं पांढरीचं टेकाड १९५५ साली भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बा. कृ. थापरांनी खणलं. ताम्रपाषाण काळापासून वस्तीचे चार कालखंड एकावर एक सापडले. सगळ्यात खालच्या थरात माळवा पद्धतीची खापरं आहेत आणि नगर जिल्ह्यातल्या जोर्वे गावाच्या नावानं ओळखली जाणारीही आहेत. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीही या गावाचं सातपुड्यापलीकडे आणि गोदावरीच्या खोऱ्याकडे येणंजाणं होतं. माहात्म्य जरूर छापा, ती गावाची श्रद्धा आहे. पण त्याच्या शेजारी या खापराला अर्धं पान तरी द्या.

हा साचा आला कुठून? मला वाटतं, दोन ठिकाणांहून. पहिलं ठिकाण १८८० सालचं खानदेशचं गॅझेटियर. त्यात गावं वर्णानुक्रमानं लावलेली. अधिकाऱ्याला गाव शोधायला ती सोय होती, आपण तीच इतिहासाची रीत धरून बसलो. त्या ग्रंथात भिल्ल येतो तो बहुतेक बंदोबस्ताचा प्रश्न म्हणून. १८२५ ला औट्रमनं भिल्ल पलटण उभारली, हे आमच्या पोरांना तोंडपाठ असतं. पण तोच डोंगर भिल्लांच्या बाजूनं कसा दिसत होता, हे कोणी विचारत नाही.

दुसरं ठिकाण त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गांव-गाडा’, १९१५ चा. मोठं पुस्तक, त्याविषयी वाद नाही. पण कुणबी, बलुतेदार, अलुतेदार ही त्याची चौकट सपाटीवरच्या गावाची आहे. अक्राणीतला पाडा तिच्यात बसत नाही. तिथं घरं विखुरलेली, एकेका टेकडीवर एकेक. तिथला इतिहास सातबाऱ्यात शोधायचा नसतो, तो गायणात आणि रोडालीत, रात्ररात्र गाऊन सांगितला जातो. लिहिलेलं नाही म्हणून इतिहास नाही, असं म्हणणाऱ्यानं एकदा काठीच्या होळीला जाऊन यावं.

सगळ्यात मोठी उणीव मात्र साच्याची नाही, मनाची आहे. आमच्या सपाटीवरच्या पुस्तकांत ऊस आहे, पपई आहे, साखर कारखान्याचं पान आहे, सालदार नाही. ज्यानं वर्षाच्या बोलीवर राबून हा ऊस उभा केला त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला. अंबरसिंग महाराजांनी माणसं उभी केली, १९७२ ला शहाद्यात श्रमिक संघटना झाली, गहाण पडलेल्या जमिनींचा प्रश्न ऐरणीवर आला. ही काही परक्या मुलखातली हकीकत नाही. तरी ‘उगाच जुन्या खपल्या कशाला काढायच्या’ म्हणून ते पान कोरं राहतं. त्याआधी १९३८ च्या सुमारास तळोद्याकडच्या मोरवडला गुलाम महाराजांच्या आरतीला हजारो माणसं जमली, दारू सोडली, एकमेकांना ‘आप’ म्हणू लागली. ती माणसं कितीतरी गावांतली. एका गावाच्या स्मरणिकेत ती मावणार कशी?

आणि ज्या गावाला शीवच उरली नाही त्याचं काय? सरदार सरोवरानं महाराष्ट्रातली तेहतीस गावं बाधित झाली. नर्मदेकाठचं मणिबेली त्यातलं पहिलं. प्रकाशाला टेकाड होतं म्हणून थापर खणू शकले. मणिबेली खणायला कोण येणार, ते तर पाण्याखाली. विस्थापितांच्या वसाहती आज तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर आहेत. तिथली शाळा उद्या स्मरणिका काढील, तेव्हा इतिहास प्लॉटवाटपाच्या सालापासून सुरू होईल याची मला भीती वाटते. बुडालेल्या नाल्यांची, टेकड्यांची, देवाच्या जागांची नावं ज्यांना सांगता येतात ती माणसं आता थकली आहेत.

म्हणून लिहिणाऱ्या गुरुजींना आणि तरुणांना सांगणं एवढंच. पुढची स्मरणिका काढाल तेव्हा देणगीदारांच्या फोटोतली चार पानं कमी करा. दोन पानं शेजारच्या गावाला द्या आणि ती त्याच गावच्या माणसाकडून लिहून घ्या. दोन पानं गावातल्या सालदारांच्या घरांना द्या, नावानिशी, त्यांना विचारून. जवळ वसाहत असेल तर या उन्हाळ्यातच वही घेऊन तिथं जा आणि बुडालेल्या पाड्यांची नावं, ते सांगतील त्याच बोलीत उतरून घ्या.