उन्हात तापलेले पोलाद

ज्युलियन हॅचर यांचे ‘हॅचर्स नोटबुक’ १९४७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. लष्करी शस्त्रांच्या कामात आयुष्य घालवून मेजर जनरल पदापर्यंत पोहोचलेल्या माणसाची ही वही. महायुद्ध नुकतेच संपले होते. लष्करातून निघालेल्या जुन्या रायफली घ्यायच्या, त्यांना नवी नळी चढवायची आणि घरच्या गॅरेजात स्वतःची रायफल तयार करायची, हा तिकडचा आवडता छंद. त्या हौशी कारागिरांच्या टेबलावर हे पुस्तक असे.

मी या पुस्तकाकडे पुन्हा पुन्हा जातो ते हवामानाच्या एका नोंदीसाठी.

पहिल्या महायुद्धाच्या काळात १९०३ च्या स्प्रिंगफिल्ड रायफलीचे काही रिसीव्हर, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा बोल्ट ज्यात अडकतो तो पोलादी गाभा, गोळी झाडताना फुटले. शोध घेता घेता चौकशी भट्टीपाशी पोहोचली. तिथले मुरलेले कामगार तापलेल्या पोलादाचा रंग पाहून तापमान ठरवत. पण रंग कसा दिसतो ते उजेडावर अवलंबून. ढगाळ दिवशी ‘झाले’ वाटायचे, त्यापेक्षा लख्ख उन्हात ‘झाले’ वाटणारे पोलाद ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त तापलेले निघाले. जास्त तापलेले पोलाद ठिसूळ होते. त्यानंतर भट्टीला तापमापक बसले, उष्णोपचाराची पद्धत बदलली, आणि स्प्रिंगफिल्डच्या कारखान्यात ८,००,००० या क्रमांकापासून नव्या पद्धतीचे रिसीव्हर बनू लागले.

हॅचर हे सांगताना आवाज चढवत नाहीत. कामगारांचे कौशल्य खरे होते, हे ते मान्य करतात, आणि तरी ते पुरले नाही, हे तेवढ्याच शांतपणे मांडतात. पुढे फुटलेल्या ६८ रिसीव्हरांची यादी येते. तिला ना प्रस्तावना, ना उसासा. सलग वाचताना मात्र प्रत्येक क्रमांकामागे गालाशी रायफल टेकवलेला एक चेहरा दिसू लागतो. त्या यादीचे सारे सामर्थ्य तिच्या कोरडेपणात आहे.

हीच नजर घेऊन ते हेडस्पेसकडे वळतात. काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळीत, शिरते आणि एका ठिकाणी अडते. आपल्या पोलिसांच्या हातात अनेक दशके दिसलेल्या थ्री-नॉट-थ्रीचे काडतूस बुडाच्या कडेवर अडते, स्प्रिंगफिल्डच्या .३०-०६ ला तशी कड नाही, ते आपल्या उतरत्या खांद्यावर अडते. ही अडण्याची जागा आणि बोल्टचा चेहरा यांतले अंतर म्हणजे हेडस्पेस. ते जास्त झाले, तर फायरिंग पिनच्या ठोक्याने काडतूस पुढे सरकते. दारू पेटते. पितळी कवचाच्या पातळ भिंती फुगून चेंबरला घट्ट धरतात, जाड बूड मात्र मागे बोल्टपर्यंत ढकलले जाते. पितळ ताणले जाते ते नेमके बुडाच्या जरासे पुढे, आणि फार ताणले तर तुटते. मग दर चौरस इंचाला सुमारे ५०,००० पौंड दाबाचा वायू वाट मिळेल तिकडे, नेमबाजाच्या तोंडाकडेही, धावतो. पोलादाचा एवढा मोठा डोलारा, आणि त्याचा जीव अडकलेला पितळेच्या एका पातळ वळशात. ही गोष्ट इतकी स्पष्ट मांडणारे गद्य मी क्वचित वाचले आहे.

म्हणून गेज, म्हणजे चेंबरमध्ये काडतुसाच्या जागी ठेवून हेडस्पेस तपासायचे नेमक्या लांबीचे पोलादी माप. १९५२ साली आलेल्या .३०८ विंचेस्टर काडतुसाची प्रचलित गेज पाहा. ‘गो’ १.६३० इंच, ‘नो-गो’ १.६३४ इंच, ‘फील्ड’ १.६३८ इंच. दर दोन मापांत फरक चार सहस्रांश इंचाचा, वहीच्या एका कागदाएवढा. चेंबर स्वच्छ पुसायचे, एक्स्ट्रॅक्टर नि फायरिंग पिन काढून ठेवायची, आणि बोल्ट बोटांच्या अलगद दाबाने फिरवायचा. ‘गो’वर तो मिटला पाहिजे, नव्या नळीवर ‘नो-गो’ला अडला पाहिजे. वापरून झिजलेल्या रायफलीत ‘फील्ड’वरही मिटला, तर ती रायफल बाजूला ठेवायची. इथे जोर लावणे म्हणजे मापाकडून हवे ते उत्तर वदवून घेणे. पोलादी गेज दबत नाही, पण हट्टी हात बोल्ट बळेच मिटवू शकतो.

कारखान्यात एकाने केलेले काम दुसरा तपासतो. गॅरेजात चेंबर कोरणारा तोच, नळी पिळणारा तोच, आणि रात्री उशिरा ‘जमले’ म्हणणाराही तोच. त्याला दुसरा माणूस मिळतो तो या तीन गेजांच्या रूपाने. भट्टीवरच्या कामगाराला तापमापकाने जे दिले, तेच ही गेज घरच्या कारागिराला देतात.

पण हॅचर तिथेही थांबत नाहीत, आणि या पुस्तकाची उंची मला इथेच जाणवते. भट्टीची हकीकत आणि हेडस्पेसचा हिशेब एकाच वहीत शेजारी असल्यामुळे वाचकाला उमगते की गेज फक्त लांबी सांगते. अचूक हेडस्पेस असलेल्या रिसीव्हरचे पोलादही ठिसूळ असू शकते. म्हणून जुनी स्प्रिंगफिल्ड हाती आली, तर चेंबरमध्ये ‘गो’ गेज सरकवण्याआधी तिचा क्रमांक वाचायचा. तो ८,००,००० च्या खाली असेल, तर तिचे पोलाद कदाचित एखाद्या लख्ख उन्हाच्या दिवशी भट्टीतून निघाले असेल, आणि ते गेजला कधीच कळणार नाही.