व्हाल्व्हचा अँप्लिफायर आणि त्याचें मोल

जुन्या वस्तूंचें मोल ठरवितांना आपण बहुधा त्यांचें वय पाहतों. त्यांचें काम पाहत नाहीं. व्हाल्व्हच्या जुन्या अँप्लिफायरांविषयीं आज जी भक्ति वाढली आहे, तिच्यांतहि हा दोष दिसतो. या यंत्रांच्या अंगीं मोठा गुण आहे, हें आम्हांस मान्यच आहे; मात्र भक्तमंडळी ज्या कारणांसाठीं त्यांस नांवाजतात, तीं कारणें तपासून पाहण्याजोगीं आहेत.

प्रथम आवाजाविषयीं. या यंत्रांच्या कर्त्यांनीं आवाज मुद्दाम गोड व उबदार केला, असें सांगण्यांत येतें. कर्त्यांचा हेतु याच्या अगदीं उलट होता. १९४५ सालीं हॅरल्ड लीक यांनीं इंग्लंडांत आपला अँप्लिफायर ‘पॉइंट वन’ या नांवानें पुढें आणला, तो त्यांतील विकृति शेंकडा ०.१ इतकीच आहे हें दाखविण्यासाठीं. १९४७ सालीं डी. टी. एन्. विल्यमसन यांनीं ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकांत आपली रचना प्रसिद्ध केली, तिचेंहि ध्येय हेंच. यंत्रानें पदरचें कांहीं मिसळूं नये, गवयाचा आवाज जसाच्या तसा पोंचवावा, असा त्यांचा आग्रह होता. ज्या जुन्या यंत्राचा आवाज मंद व बोजड झाला आहे, तें बहुधा आजारी असतें. त्या आजारालाच आपण माधुर्य म्हणतों.

आतां टिकाऊपणा. पीटर वॉकर यांचा १९५३ सालचा ‘क्वाड टू’ घ्या. दोन केटी६६, दोन ईएफ८६ आणि एक रेक्टिफायर, अशा पांच व्हाल्व्हांवर तो १५ वॅट शक्ति देतो. व्हाल्व्ह झिजतात, कंडेन्सर गळूं लागतात, रेझिस्टरांचीं मापें ढळतात. अविनाशी असें त्यांत कांहीं नाहीं. परंतु त्यांतील बहुतेक अवयव डाख सोडवून काढतां येतात व त्यांच्या जागीं दुसरे बसवितां येतात. केटी६६ जातीचे व्हाल्व्ह तर आजहि नवे बनतात. दुरुस्त होतां येणें, हाच या यंत्राचा खरा टिकाऊपणा होय.

म्हणूनच मूळचा एकहि भाग हलवूं नये, हा संग्राहकांचा दंडक आम्हांस घातक वाटतो. दोन व्हाल्व्हांमधील लहानसा कंडेन्सर गळूं लागला, कीं पुढील व्हाल्व्हच्या ग्रिडवर नको तो दाब येतो, प्रवाह वाढतो, अ‍ॅनोडचा पत्रा लाल होतो आणि शेवटीं आउटपुट ट्रान्स्फॉर्मर जळण्याची पाळी येते. कंडेन्सर बाजारांत मिळतो. वॉकर यांनीं विशेष वेटोळ्यांनीं सिद्ध केलेला ट्रान्स्फॉर्मर सहजासहजीं मिळत नाहीं. क्षुल्लक वस्तूचें मूळपण राखण्यासाठीं यंत्राचें काळीज पणाला लावणें, ही कसली आस्था?

कोंकणांतील जुनीं कौलारू घरें पावसाळ्यापूर्वीं शाकारलीं जातात म्हणून तीं उभीं राहतात. फुटकें कौल आजोबांच्या वेळचें आहे, म्हणून तें कोणी छपरावर ठेवीत नाहीं. ज्यांच्या घरीं असा अँप्लिफायर पडून असेल, त्यांनीं हाच न्याय लावावा. आंत ३०० व्होल्टांहून अधिक दाब खेळत असतो, तेव्हां स्वतः हात न घालतां जाणत्या कारागिराकडून तो तपासून घ्यावा, जीर्ण भाग बदलावेत, आणि मग आवडत्या गवयाची तबकडी लावून ऐकत बसावें.