चार आठांचा उतारा

संगणक प्रशिक्षणाहून परतलेल्या एका शिक्षकमित्राने तिथे वाटलेले एक पानी टिपण आम्हाला वाचायला दिले. घरच्या संगणकाचा डीएनएस सर्व्हर कसा बदलावा, हा त्याचा विषय. सेटिंगमध्ये जा, नेटवर्क निवडा, आपोआप मिळणारा सर्व्हर बंद करा आणि त्या जागी ८.८.८.८ व ८.८.४.४ हे आकडे भरा. पायऱ्या बरोबर आहेत, भाषा सोपी आहे. तरीही हे टिपण जसेच्या तसे वर्गात जाऊ नये असे आम्हाला वाटते. त्यात कृती आहे पण कारण नाही, आणि जिथे कारण दिले आहे तिथे ते चुकले आहे.

सुरुवात उपमेपासून करू. डीएनएस म्हणजे इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी, असे टिपण सांगते. ही उपमा आम्हीही वापरलेली आहे. गंमत अशी, की अशी डिरेक्टरी एके काळी खरोखरच होती आणि ती पुरेना म्हणूनच डीएनएस आले. नेटवर्कवरच्या सगळ्या संगणकांची नावे आणि पत्ते तेव्हा एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती फाइल सांभाळली जाई आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले तशी यादी लांबली, प्रती शिळ्या होऊ लागल्या. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी जी पद्धत मांडली तिच्यात संपूर्ण यादी कोणाकडेच नसते.

मग ती चालते कशी? परक्या गावात घर शोधताना आपण काय करतो? एसटी स्टँडवर वाडी कुठे ते कळते, वाडीत आळी कळते, आळीत घर सापडते. मराठी विकिपीडियाचे नाव 'एमआर डॉट विकिपीडिया डॉट ऑर्ग' असे आहे. ते शेवटाकडून वाचायचे. मूळ सर्व्हर 'ऑर्ग'चा सर्व्हर दाखवतो, तो 'विकिपीडिया'चा दाखवतो आणि हवा तो पत्ता तिथे मिळतो. ही पायपीट आपला संगणक सहसा स्वतः करत नाही, त्यासाठी तो एक माणूस पाठवतो. सेटिंगमधला आकडा हा त्या माणसाचा पत्ता. एकदा मिळालेले उत्तर हा माणूस काही काळ लक्षात ठेवतो, म्हणून दर वेळी सगळीकडे विचारत फिरावे लागत नाही. डीएनएस बदलणे म्हणजे हा माणूस बदलणे.

एवढे समजले की टिपणातले दोन मोठे दावे विद्यार्थीही तपासू शकतात.

पहिला दावा वेगाचा. समजा, जुना सर्व्हर ५० मिलिसेकंदांत उत्तर देतो आणि नवा २० मिलिसेकंदांत. म्हणजे वाचले ०.०३ सेकंद. एखाद्या पानासाठी दहा नावे एकामागून एक विचारावी लागली तर फार तर ०.३ सेकंद. आता १०० मेगाबाइटची फाइल सेकंदाला १० मेगाबिट वेगाने उतरवायची असेल तर ८० सेकंद लागतात, आणि नाव विचारायचे असते फक्त सुरुवातीला. पत्ता लवकर कळला म्हणून पुढचा रस्ता रुंद होत नाही. कधी उलटेही घडते. मोठी संकेतस्थळे आपल्या प्रती अनेक शहरांत ठेवतात आणि विचारणारा कुठला आहे ते पाहून जवळच्या प्रतीचा पत्ता देतात. आपण पाठवलेला माणूसच दूरचा असला तर दूरच्या प्रतीचा पत्ता हाती पडू शकतो.

दुसरा दावा सुरक्षिततेचा. आपण कोणाकोणाची घरे विचारली हे पाठवलेल्या माणसाला माहीत असते. पूर्वी ते इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला कळत होते. आता गूगललाही कळेल. ही सेवा गूगलने २००९ मध्ये सुरू केली. २०१७ मध्ये क्वाडनाइनची ९.९.९.९ आणि २०१८ मध्ये क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ ही सेवा आली. नोंदी किती ठेवतो याची धोरणे त्यांनी जाहीर केलेली आहेत. ती वाचून विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण टिपणात हा प्रश्नच नाही. शिवाय साधी विचारणा उघड्या पोस्टकार्डासारखी जाते, वाटेत ती कोणालाही वाचता येते. पाकिटात घालून पाठवण्याच्या पद्धती २०१६ आणि २०१८ मध्ये प्रमाणित झाल्या, पण नुसते आकडे बदलल्याने पाकीट हमखास मिळत नाही.

हे केवळ पुस्तकी नाही. मार्च २०१४ मध्ये तुर्कस्तानात सरकारने ट्विटर बंद केले. सुरुवातीची अडवणूक डीएनएसच्या पातळीवर होती, म्हणून लोकांनी इस्तंबूलच्या भिंतींवर ८.८.८.८ हा आकडा रंगवला. काही दिवस उतारा लागू पडला. मग पत्तेच अडवले गेले. २९ मार्चला गूगलने जाहीर केले, की तिथल्या बहुतेक इंटरनेट कंपन्यांनी त्याच्या नावाने आपलेच सर्व्हर उभे केले आहेत. लोक विचारत होते चार आठांना, उत्तर देत होता दुसराच कोणी. आकडा माहीत असणे आणि तिथे कोण बसला आहे हे माहीत असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग सर्व्हर बदलूच नये का? तसे आम्ही म्हणत नाही. कंपनीचा सर्व्हर वारंवार बंद पडत असेल, किंवा नाव चुकीचे टाइप केल्यावर जाहिरातीचे पान दाखवत असेल, तर बदल उपयोगी आहे. घातक म्हणून माहीत असलेली नावे क्वाडनाइन अडवते, हाही फायदाच. पण जुनी सेटिंग आधी लिहून ठेवावी. शाळेच्या आतल्या सर्व्हरचे नाव बाहेरच्या सर्व्हरला माहीत नसते, हे सांगावे. आणि दोन्ही आकडे एकाच कंपनीचे नसावेत. १४ जुलै २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरची ही सेवा सुमारे तासभर बंद होती, तेव्हा १.१.१.१ च्या जोडीचा १.०.०.१ हा आकडाही उपयोगी पडला नाही.

टिपण लिहिणाऱ्याला आमची सूचना साधी आहे. पायऱ्या तशाच ठेवाव्यात आणि शेवटी एक प्रयोग जोडावा. एकच फाइल जुन्या सेटिंगने पाच वेळा आणि नव्या सेटिंगने पाच वेळा उतरवायची, घड्याळ लावून वेळ मांडायची आणि सरासरी काढायची. फरक पडला नाही तर का पडला नाही, हे मुलांनी सांगायचे. ते सांगता आले की आकडे पाठ नसले तरी चालतील.